गावच्या नाटक मंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी पाम्प्लेटवरचं साल शोधा

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एखाद्या गावाच्या नाटकाचा इतिहास प्रकल्पासाठी किंवा प्रबंधासाठी घेतलाय, असं धरून लिहितोय. दिवाळी ते होळी हा सीझन, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री दहाला उघडून पहाटेपर्यंत चालणारा पडदा, वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यावर पहिलं प्रकरण खर्ची घालू नका. मार्गदर्शक घालायला लावतील. त्यांना पाच पानं द्या आणि सुटा.

खरं काम पाम्प्लेटपासून सुरू होतं आणि तिथंच माणूस फसतो. मीही फसलोय, म्हणून हा भाग जरा लांबवतो. पतंगी कागदावरच्या त्या पत्रकावर गाव, नाटकाचं नाव, नटनट्या, तिकीट, वार, तारीख सगळं असतं. साल मात्र बहुतेक वेळा नसतंच. नाटक आठ दिवसांवर आलेलं, तेव्हा साल छापायची गरज कुणाला होती? मग आपण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो, ते एक साल सांगतात आणि आपण ते लिहून टाकतो. हे करू नका.

समजा पत्रकावर ‘रविवार, दि. १४ जानेवारी’ आहे. १९६० ते २००० च्या दरम्यान १४ जानेवारीला रविवार आला १९६२, १९६८, १९७३, १९७९, १९९० आणि १९९६ साली. वार आणि तारखेची जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते, त्यामुळे सहा उमेदवार हातात राहतात. पत्रकावर तिथीही असेल तर हायसं वाटतं, कारण तीच तारीख आणि तीच तिथी साधारण १९ वर्षांनी जुळते आणि १९ हे अंतर वरच्या साखळीत कुठंच बसत नाही. म्हणजे साल पक्कं? थांबा.

खड्डा ११ वर्षांच्या जोडीत आहे. अकरा वर्षांत त्याच तारखेची तिथी जेमतेम एक-दोन दिवसांनी सरकते. १४ जानेवारी १९६८ ला पौष शुद्ध चतुर्दशी होती, १४ जानेवारी १९७९ ला पौष वद्य प्रतिपदा. मध्ये फक्त पौर्णिमा. आता आपल्या नाटकाचा स्वभाव बघा. पडदा रविवारी रात्री उघडतो आणि सोमवारी पहाटे पडतो. पत्रकावर रविवार, मंडळाच्या वहीत तिकिटांचा गल्ला सोमवारच्या तारखेला, आणि नटाच्या आठवणीत ‘पुनवेच्या चांदण्यात घरी आलो जी’. पुनवेचं चांदणं आधीच्या रात्रीही तसंच असतं आणि नंतरच्याही. एवढ्या एका दिवसाच्या घोळात १९६८ चं नाटक १९७९ मध्ये जाऊन पडतं. ‘संक्रांतीचं नाटक’ या आठवणीवरही साल ठरवू नका, त्या काळात संक्रांत जवळजवळ दरवर्षी १४ जानेवारीलाच असायची. मंडई दिवाळीनंतरची, म्हणजे चंद्राच्या हिशेबाची. ती आठवण जास्त कामाची. तिथी तपासायला त्या-त्या सालचं पंचांगच घ्या. कालनिर्णय १९७३ पासूनचं आहे, त्याआधीचं त्यात मिळणार नाही.

घाबरू नका, साल निघतं. कागदच मदत करतो. पत्त्यात मध्यप्रदेश असेल तर कागद बहुधा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, कारण त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला. ‘महाराष्ट्र’ असेल तर साधारणपणे १ मे १९६० नंतरचा. तिकीट आण्यात असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आरमोरीकडच्या गावाला ‘जि. गडचिरोली’ लागलं २६ ऑगस्ट १९८२ पासून, आणि भंडाऱ्यातून फुटलेल्या भागाला ‘जि. गोंदिया’ १ मे १९९९ पासून. म्हणजे आरमोरीकडच्या गावाचा वरचा १९६८-१९७९ चा वाद असेल तर जिल्हा काहीच सांगत नाही, दोन्हीकडे चंद्रपूरच येणार. पिनकोड दिसला तर मात्र वाद मिटला. पण पिनकोड नाही म्हणून १९६८, असं उलटं काढू नका. छापखाने जुनं जुळवलेलं तसंच पुढं चालवतात, आणि ‘जि. चांदा’ हे चंद्रपूरचं जुनं नाव बदलल्यावरही बरीच वर्षं छापलं गेलंय. नवी खूण असणं हा पुरावा, नसणं नव्हे. तसंच, बैलांच्या शर्यती बंद करणाऱ्या २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत पत्रकावर पट दिसत नसेल, तर नाटकही झालं नाही असं धरू नका.

दुसरी गोष्ट थोडक्यात. गावच्या पोरांनी बसवलेलं हौशी नाटक आणि कंपनीला बयाणा देऊन आणलेलं नाटक यांचे दोन वेगळे तक्ते करा. ‘मंडळाचे पन्नासावे वर्ष’ या छापील आकड्यात दोन्ही मिसळलेले असतात, शिवाय दुष्काळात किंवा भांडणात पडलेले खंडही मोजलेले असतात. स्मरणिकेतला लेख उतरवून इतिहास होत नाही. त्यातली ‘दीडशे वर्षांची परंपरा’ एका स्मरणिकेतून दुसरीत चालत आलेली असते आणि तिच्याखाली कागद कुणी दाखवत नाही.

पत्रकाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. सावलीत, सपाट पाटावर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेला शामियाना, लायटिंग, तबलावाला असा हिशेब समोरच्या छपाईपेक्षा मोलाचा निघतो. फोटोच्या नावात गाव, तालुका, क्रमांक घाला. साल ठरेपर्यंत सालाची जागा कोरी ठेवा. अंदाजानं भरलेलं साल पुन्हा खोडायला कोणी बसत नाही.

माणसांना भेटायची वेळ नीट निवडा. सीझनमध्ये कलावंत सापडत नाही, सापडला तर झोपेत असतो. होळीनंतर मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्हीत सकाळ जंगलात जाते, म्हणून दुपारी चारनंतर जा. पाऊस पडून बांधीत धानाची रोवणी लागली की दिवाळीपर्यंत विसरा. आणि ‘काकाजी, कोणत्या सालचं?’ असं विचारू नका. गॅसबत्ती होती की लाइट आली होती, बाईचं काम पुरुष करायचा की नटी आणली होती, थोरला पोरगा तेव्हा शाळेत जात होता का, असं विचारा. साल तुम्ही जुळवा.

सगळे नायकाच्या घरी आधी जातात. तुम्ही प्रॉम्प्टरच्या घरी जा. तालमी कमी, नाटक रात्रभराचं, त्यामुळे अख्खी संहिता त्याच्याच हातात असायची. ती वही अजून फळीवर असेल, तर समासात कुणी कोणतं काम केलं ते लिहिलेलं सापडतं, आणि कधी कधी तारीखही, सालासकट.