साइट हलवण्याआधी शेपट्या मोजा

जुनी वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची असेल तर सगळ्यात आधी छापील सामान गोळा करा. पावतीपुस्तक, व्हिजिटिंग कार्ड, पिशव्या, दिवाळीला वाटलेली कॅलेंडरं. त्यांवर साइटच्या ज्या ज्या पानाचा पत्ता असेल तो वहीत जसाच्या तसा उतरवा, टिंबानंतरच्या शेपटीसकट (इंग्रजीत एक्स्टेन्शन). नागपुरात इतवारीतल्या काकांच्या मसाल्याच्या दुकानाची साइट हलवताना मी हेच विसरलो. भिवापुरी मिरचीचं पान 'भिवापूर डॉट एचटीएम' या नावानं पिशव्यांवर छापलेलं, आणि मी हौसेनं सगळ्या पानांना डॉट पीएचपी लावून मोकळा झालो. आठवड्याभरात काकांचा फोन आला, "काऊन रे, पिशवीवरचं पान उघडून नाही राहिलं?"

वही झाली की संगणकाला शेपट्या दाखवायला लावा. विंडोज ओळखीच्या शेपट्या लपवते, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'त जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करायची. ती नसली की नोटपॅडमध्ये लिहिलेलं पान गुपचूप 'डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' होऊन बसतं आणि आपण तासभर सर्व्हरला शिव्या देतो.

आता फोल्डरमधल्या फाइली शेपटीप्रमाणे वेगळ्या काढा. इथे घाई नको. एचटीएम आणि एचटीएमएल यांत आतून काहीच फरक नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९९१ साली जे पहिलं पान ठेवलं त्याची शेपटी एचटीएमएलच होती. पण विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फाइलीला नावासाठी ८ आणि शेपटीसाठी ३ अक्षरंच मिळायची, म्हणून शेवटचा एल गळाला. इंग्रजी अक्षरांत 'भिवापूर' नेमकं आठात बसतं, 'भिवापुरी'ला नववं लागतं. विंडोज ९५ नं लांब नावांना मुभा दिली, तरी मायक्रोसॉफ्टचं पानं बनवायचं सॉफ्टवेअर फ्रंटपेज पुढंही पान एचटीएम म्हणूनच साठवायचं. काकांची साइट त्याच सवयीतली. तेव्हा असल्या फाइलींची नावं 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

पीएचपी, एएसपी, एएसपीएक्स, जेएसपी यांची गोष्ट वेगळी. ही पानं तयार नसतात, कोणी मागितलं की सर्व्हर ती तिथल्या तिथे शिजवतो, आणि कुठल्या चुलीवर शिजवायचं ते शेपटी सांगते. पीएचपी १९९५ चं, रासमुस लेरडॉर्फ यांचं. आधी त्याचा अर्थ पर्सनल होम पेज इतका साधा होता. एएसपी मायक्रोसॉफ्टचं, १९९६ चं, आणि २००२ मध्ये डॉटनेट आलं तेव्हा त्याला एक्स चिकटला. जेएसपी जावावाल्यांचं. एसएचटीएमएल दिसलं तर पानात डोकं-पाय (वरची आणि तळाची पट्टी) बाहेरून जोडलेले आहेत असं समजा. यातल्या प्रत्येक जातीसाठी नव्या होस्टिंगवाल्याला, म्हणजे सर्व्हरवर जागा देणाऱ्याला, आधीच विचारा, 'हे तुमच्याकडे चालतं का?' पीएचपी न चालवणाऱ्या सर्व्हरवर पीएचपी फाइल ठेवली तर तो आतला कोड तसाच समोरच्याच्या हातात देतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट. त्याच कारणानं 'डॉट पीएचपी डॉट बीएके' अशा जुन्या प्रती वर चढवण्याआधी वेचून काढा. शेवटी बीएके आलं की बरेच सर्व्हर ती न शिजवता तशीच देऊन टाकतात.

ब्राउझर मात्र शेपटीकडे फारसं बघत नाही. सर्व्हर पानासोबत कंटेंट-टाइप नावाची चिठ्ठी पाठवतो आणि ब्राउझर ती मानतो. शेपटीवरून चिठ्ठी लिहिणारा सर्व्हर असतो. म्हणूनच पत्त्यात शेपटी नसलेली पानंही नीट चालतात, आणि बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलं होतं की पत्त्यात शेपटी ठेवूच नका, उद्या तंत्र बदललं की पत्ता बदलावा लागेल. मला तो सल्ला फोन आल्यावर पटला.

लहान-मोठी अक्षरंही तपासा. विंडोजच्या सर्व्हरला दोन्ही सारखीच, लिनक्सला वेगळी. पिशवी छापणाऱ्यानं शोभेसाठी पहिलं अक्षर मोठं केलं असेल तर तेही वहीत हवं. फाइलीचं नाव देवनागरीत ठेवायचा मोह आवरा. 'संत्री' एवढा शब्द पत्ता कॉपी करताना टक्क्याच्या चिन्हांसकट ५४ अक्षरांचा होतो. पानातला मजकूर देवनागरीत असायलाच हवा, फक्त यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीत साठवा, ती देवनागरी सांभाळते. मुखपृष्ठाचं नावही विचारून घ्या, कुठे इंडेक्स चालतं, कुठे डिफॉल्ट.

जुन्या पत्त्यांवरून नव्यावर नेण्याचे नियम आदल्या दिवशीच लिहून ठेवा. अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर ते डॉट एचटीअ‍ॅक्सेस या फाइलीत जातात. नाव टिंबानं सुरू होत असल्यानं ती फाइली चढवायच्या एफटीपी प्रोग्रॅमात लपलेली असते, तेव्हा लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा. कायमचा बदल म्हणजे ३०१, पण पहिल्या दिवशी ३०२, म्हणजे तात्पुरता, लावा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि तुमची चूकही त्याच्या लक्षात राहते. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर ढकलायचा आळस करू नका. मिरची शोधणाऱ्याला मिरचीच दिसायला हवी.

मे महिन्यात असाल तर दुपारी काम काढू नका. कूलर आणि वायफाय एकदमच बंद पडतात आणि निम्म्या फाइली वर, निम्म्या खाली राहतात. रात्री चढवा. सकाळी घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर वहीतला एकेक पत्ता टाइप करा आणि उघडला की त्यावर रेघ मारा. मी दुसऱ्या खेपेला हे काम काकांवर सोपवलं. हातात पिशवी, डोळ्यांवर चष्मा. चौथा पत्ता अडला, कारण पिशवीवरच एक टिंब जास्तीचं होतं. त्यालाही एक नियम लिहिला.