गोल्फ खेळण्याआधी अंग कसं मोकळं करावं आणि घरी सराव कसा करावा

दोन वर्षांपूर्वी परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गोल्फ खेळायला गेलो होतो. रात्रभर सीटवर आखडलेलं अंग घेऊन उतरलो, चहा घेतला आणि थेट मैदानावर जाऊन बॅगेतला सगळ्यात लांब दांडा, म्हणजे ड्रायव्हर, उपसला. तिसऱ्याच फटक्याला पाठीत चमक भरली. पुढचे तीन आठवडे वाकून चपला घालणंही जड गेलं. त्यानंतर व्यावसायिक खेळाडू खेळाआधी नेमकं काय करतात ते मी नीट बघायला लागलो. आपल्याकडे गोल्फ शिकायची सोय कमी, म्हणून जे करायचं ते बरोबर तरी व्हावं, या कळकळीनं हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. सराव वेगळा आणि खेळाआधी अंग मोकळं करणं वेगळं. सरावात चुका दुरुस्त करायच्या. खेळाच्या दिवशी सकाळी मात्र आज हात कसा चाललाय एवढंच बघायचं.

खेळाच्या दिवशी

व्यावसायिक खेळाडू आपल्या वेळेच्या तास-दीड तास आधी मैदानावर हजर असतात. आपण निदान पाऊण तास तरी काढावा.

सुरुवात दांड्याला हात न लावता करायची. पाच-सात मिनिटं झपाझप चाला. खांदे पुढे-मागे फिरवा, दहा बैठका काढा, कशाला तरी धरून एकेक पाय झोपाळ्यासारखा पुढे-मागे हलवा. मग एक दांडा खांद्यांवर आडवा धरून कंबरेवरचं अंग डावीकडे-उजवीकडे वळवा, आधी हळू, मग थोडं जास्त. गोल्फचा स्विंग, म्हणजे दांडा मागे नेऊन चेंडूवर फिरवणं, हा सगळा वळण्याचा खेळ आहे. खुबे आणि पाठीचा वरचा भाग वळला नाही, तर ती ओढ कंबरेवर येते. माझी चमक तिथलीच. ताण देऊन अर्धा-अर्धा मिनिट एकाच स्थितीत थांबायचे व्यायाम खेळ संपल्यावर करा, आधी नको.

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो, तेव्हा या कामाला दुप्पट वेळ द्या आणि घाम फुटेपर्यंत स्वेटर काढू नका. मे महिन्यात ४२-४३ अंशांत अंग आपोआप गरम असतं असं वाटतं, पण सांधे मोकळे झालेले नसतात. तेव्हा उजाडतानाच सुरू करा आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट-घोट घेत राहा.

यानंतर बरेच जण आधी ग्रीनवर, म्हणजे होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पटिंग करतात, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवतात. पहिले चेंडू आठ-दहा मीटरवरून मारायचे, तेही होलमध्ये घालायला नाही. आज गवतावर चेंडू किती पळतोय ते कळायला. मग जवळ या. शेवटचे पाच-सहा चेंडू एका मीटरवरून घाला, म्हणजे आत पडल्याचा आवाज कानात राहतो.

मग चेंडू मारायचे, लहान दांड्यापासून मोठ्याकडे. आधी वेजनं, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड दांड्यानं, अर्धा स्विंग, मग आठ किंवा सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा मधला दांडा, मग लांब दांडे आणि शेवटी ड्रायव्हर. प्रत्येकाचे पाच-सात चेंडू, सगळे मिळून चाळीसच्या आत. दर चेंडूला लक्ष्य ठरवा, मागे उभं राहून रेघ बघा, मगच मारा. एकामागून एक चेंडू ओढत बसलात तर नुसता हात दुखतो.

चेंडू उजवीकडे वळतोय असं दिसलं की आपण लगेच पकड बदलतो, पाय सरकवतो, आणि पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेवर, पोचेपर्यंत डोक्यात सतरा सूचना झालेल्या असतात. जाणता खेळाडू त्या दिवशी स्विंगला हात लावत नाही. वळतोय ना उजवीकडे, मग आज नेम थोडा डावीकडे. दुरुस्ती उद्या. शेवटचा चेंडू मात्र पहिल्या टीवर जो दांडा वापरायचा आहे त्यानंच मारा.

बाकीच्या दिवशी

१८ होलच्या डावाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके, ७२ धरला, तर त्यात दर होलला दोन, म्हणजे ३६ फटके पटिंगचे गृहीत असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणती नव्हती. तिचं बळ पटिंगमध्ये होतं. म्हणून सरावाचा अर्धा वेळ तरी पटिंग आणि चिपिंगला, म्हणजे ग्रीनजवळून चेंडू थोडा उचलून टाकण्याला, द्या. त्यासाठी मैदानच हवं असं नाही.

चिपिंग अंगणात होतं. बाजेच्या पलीकडे टोपलं ठेवा आणि बाजेवरून चेंडू त्यात टाका. प्लॅस्टिकचे हलके चेंडू वापरा. खाली काथ्याचं पायपुसणं घ्या. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, तिच्यावर आयर्न आपटला तर मनगट जातं. खरा चेंडू मारायचा असेल तर जाळी हवीच. जाळी नसेल तर जुनी वाकळ सैल टांगा. ताणून बांधली तर चेंडू उलटा अंगावर येतो. मोकळ्या रानात ड्रायव्हर मारू नका. चेंडू दोनशे मीटरवर जातो आणि बांधाआड कोण बसलंय ते दिसत नाही.

पटिंगला शहाबादी फरशी फार पळते, म्हणून तिच्यावर सतरंजी ताणून अंथरा. पटरच्या, म्हणजे पटिंगच्या दांड्याच्या, पात्यापेक्षा बोटभर जास्त अंतर सोडून दोन आगपेट्या ठेवा आणि त्यांच्या मधून पटर न्या. टायगर वूड्स हाच सराव जमिनीत दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, रोवून करतो, आधी एका उजव्या हातानं, मग दोन्ही हातांनी. पातं वाकडं गेलं की पेटी सरकते, कुणी सांगायची गरज उरत नाही. एका मीटरवर स्टीलचा पेला आडवा ठेवा. खरा होल १०८ मिलिमीटरचा, पेल्याचं तोंड त्याहून लहान, त्यामुळे नेम आपसूक बारीक होतो. सलग वीस घालायचे. एक हुकला की मोजणी पहिल्यापासून.

माझी सातवीतली पुतणी रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर हे करते. काल स्वयंपाकघरापर्यंत आवाज आला, "काका, एकोणिसावा गेला!" मी बाहेर येईपर्यंत तिनं आगपेट्या सरळ करून पुन्हा पहिला चेंडू ठेवला होता.