चित्र बघणाऱ्या नजरा मोजताना मी कुठे आपटले

संस्कृतीनुसार माणसाची चित्र बघण्याची रीत बदलते का, यावर काम करायला निघाला असाल तर उत्तर 'हो'च येणार असं धरून बसू नका. मी बसले होते. दीड वर्ष गेलं.

आय-ट्रॅकर (नजर कुठे जाते ते टिपणारं यंत्र), फिक्सेशन (नजर एका जागी क्षणभर थबकणं) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. चुआ, बोलँड आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा २००५ चा पेपरही वाचला असेल. अमेरिकन विद्यार्थ्यांची नजर मुख्य वस्तूवर लवकर जाते आणि जास्त वेळ टिकते, चिनी विद्यार्थी पार्श्वभूमीला जास्त वेळ देतात, असं त्यात निघालं. वाचून सगळेच भारावतात. पुढे इतरांनी ताडून पाहिलं तेव्हा नजरेत तसा फरक मिळाला नाही. ते पेपर कोणी भारावून वाचत नाही. शिवाय त्यांनी दाखवली ती छायाचित्रं होती. रंगवलेल्या चित्रात नजर कुठे जावी याची सोय चित्रकाराने आधीच करून ठेवलेली असते.

माझ्या प्रयोगात दोन वेगवेगळ्या मातृभाषांचे दोन गट होते. माणसं असलेली वीस चित्रं, प्रत्येकी दहा सेकंद. पहिला गट चेहऱ्यांना चिकटून राहिला. दुसरा खिडकी, दार, टेबलावरचं भांडं असा खोलीभर फिरत होता. हीटमॅप, म्हणजे नजर जिथे जास्त टिकली तिथे गडद डाग दाखवणारा नकाशा, बघून मी जागच्या जागी उडी मारली आणि त्याच आठवड्यात पोस्टर छापलं.

घोळ सूचनेत होता. पहिल्या भाषेतली सूचना होती, 'चित्र पाहा.' दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारी व्यक्ती फार सौजन्यशील. तिला तो नुसता हुकूम उद्धट वाटला. तिने लिहिलं, 'कृपया चित्र नीट समजून घ्या.' समजून! आता 'समजून घ्या' म्हटल्यावर कोण नुसता चेहरा बघत बसेल? ही माणसं कोण, कुठे बसली आहेत, दार उघडं का आहे, हे सगळं शोधावंच लागतं. म्हणजे एका गटाला मी बघायला बसवलं होतं आणि दुसऱ्याला कोडं सोडवायला. त्या फरकाला नाव दिलं 'संस्कृती'.

लाज याची वाटते की हे मला माहीत होतं. रशियन संशोधक यार्बसने चित्रकार रेपिनच्या एकाच चित्रापुढे एकाच माणसाला बसवून वेगवेगळे प्रश्न विचारले होते. वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, घरची सांपत्तिक स्थिती सांगा म्हटलं की कपड्यांवर आणि सामानावर. प्रश्न बदलला की वाट बदलते. हे त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं आणि माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात त्यावर दोन पानं होती. लिहिली मीच होती.

म्हणून सूचनेचं भाषांतर झालं की मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मूळ भाषेत फिरवून घ्या. तेवढ्यावरही थांबू नका. प्रयोग संपला की प्रत्येकाला विचारा, 'तुम्हाला काय करायला सांगितलं होतं?' या एका प्रश्नाने माझे पाच महिने वाचले असते. सूचना तोंडी देणार असाल तर रेकॉर्ड करून ठेवा, कारण दमलेला माणूस संध्याकाळी वेगळंच बोलतो.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडवट आहे, तेव्हा जपून घ्या. नुसता हीटमॅप बघून 'छान, छापून टाक' म्हणणाऱ्यापेक्षा कच्च्या डेटासमोर तासभर तुमच्यासोबत बसणारा रागीट माणूस परवडला. हीटमॅपमध्ये क्रम दिसत नाही. आधी काय पाहिलं, मग काय, सगळं एका डागात जातं. आणि जुन्या काळचा चिनी चित्रकार झांग झेदुआन याचा नदीकाठच्या शहराचा तो पाच मीटरहून लांब, गुंडाळीचा पट एका स्क्रीनवर मावेल इतका आक्रसून दाखवू नका. तो उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत बघायचा असतो. तसा न दाखवता 'हे लोक पार्श्वभूमी बघतात' म्हणणं म्हणजे शुद्ध थाप.

दोन्ही गटांना एकच सूचना देऊन प्रयोग पुन्हा केला. फरक बराचसा विरघळला. मी रडले, पण प्रबंध बुडाला नाही. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या चुकीच्या प्रकरणावरच घालवला आणि चांगलं बोलले. तेव्हा फार घाबरू नका. डेटा फेकू मात्र नका.

मी जवळजवळ फेकला होता. एक बाई दोन्ही गटांत बसत नव्हती. तिची नजर चेहऱ्यावर नाही, खिडकीवर नाही. वीसपैकी अकरा चित्रांत ती खांद्याजवळ अडकलेली. यंत्र बिघडलं असं समजून मी तिला 'आउटलायर', म्हणजे हिशेबातून वगळायची, ठरवलं. पंधराव्या शतकातले इटालियन व्यापारी पिंपांची मापं काढता काढता चित्रातले घनाकारही त्याच सवयीने जोखत, हे कला-इतिहासकार बॅक्सँडॉलचं १९७२ मधलं म्हणणं मी परीक्षेत घोकलं होतं, तरीही. शेवटी चिकाटी करून तिला फोन लावला. ती कपडे शिवायची.

"त्या निळ्या झग्याची बाही," ती म्हणाली, "तशी बसूच शकत नाही हो."