पायथनच्या शेलमध्ये टॅब चालू करण्यापूर्वी

पहिले काम आवृत्ती पाहणे. टर्मिनलवर पायथन३ लिहा, पुढे जागा सोडून दोन डॅश आणि व्हर्जन. (इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे.) या एका आकड्यावर पुढचे जवळपास सगळे अवलंबून आहे. २०१४ मध्ये आलेल्या ३.४ पासून टॅबने नाव पूर्ण करण्याची सोय आपोआप सुरू होते. त्याआधी दोन-तीन ओळी हाताने लिहाव्या लागत, आणि नेटवर अजून फिरणारे बरेच नुस्खे त्याच काळातले आहेत. २०२४ च्या ३.१३ मध्ये शेलच, म्हणजे ओळ लिहिताच ती चालवून दाखवणारा पायथनचा प्रॉम्प्ट, नवा आला. म्हणून ३.४ ते ३.१२ असेल तर आधी काहीही न लिहिता टॅब दाबून पाहा. मॅथ इम्पोर्ट करा, मॅथ डॉट एसक्यू इतके लिहा आणि टॅब दाबा. एसक्यूआरटी आणि उघडा कंस आला, तर पुढची निम्मी कामे रद्द.

नाही आले, तर शेलमध्ये इम्पोर्ट रीडलाइन करून पाहा. ओळ लिहिताना टॅब आणि बाणांच्या कळा सांभाळते ते हे मॉड्यूल. मॉड्यूलनॉटफाउंडएरर आली तर दुखणे सेटिंगमध्ये नाही, पायथनच्या बांधणीत आहे. वरचा बाण दाबल्यावर मागची ओळ येण्याऐवजी कॅरेट, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल ए असा कचरा उमटतो, ती याचीच खूण. पायथन सोर्समधून किंवा पायएन्व्हने (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवणारे साधन) बांधताना रीडलाइनच्या हेडर फाइली मशीनवर नसल्या, की बांधणी न अडखळता पूर्ण होते आणि हे मॉड्यूल तेवढे गळते. डेबियन-उबंटूवर लिबरीडलाइन-डेव्ह, फेडोरावर रीडलाइन-डेव्हल हे पॅकेज टाका आणि मग पायथन पुन्हा बांधा. नुसते पॅकेज टाकून काही बदलत नाही, लोक इथेच थांबतात आणि वैतागतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एखाद्या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेले पायथन, मूळ पायथनवरच उभे असते, त्यामुळे दुरुस्ती मुळाशी करायची. विंडोजवर रीडलाइन मॉड्यूल नसतेच. तिथे ३.१३ किंवा पुढची आवृत्ती घेणे हा सरळ मार्ग, जुन्यावरच राहायचे असेल तर पायरीडलाइन३ हे पॅकेज.

मॅकवर आणखी एक तपासणी लागते. ग्नू रीडलाइन जीपीएल परवान्याची आहे. मॅकओएसबरोबर येते ती बीएसडी परवान्याची लिबएडिट, आणि पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मॅक इन्स्टॉलर तीच वापरतो. मॉड्यूलचे नाव दोन्हीकडे रीडलाइनच, पण सेटिंगची भाषा वेगळी. ३.१३ पासून रीडलाइन डॉट बॅकएंड विचारले की रीडलाइन किंवा एडिटलाइन (म्हणजे लिबएडिट) असे उत्तर मिळते. आधीच्या आवृत्त्यांत रीडलाइनचा डॉकस्ट्रिंग (मॉड्यूलमध्येच लिहिलेली माहिती) छापा आणि त्यात लिबएडिट हा शब्द शोधा. कळेला काम बांधून देणाऱ्या पार्स-अँड-बाइंड या रीडलाइनच्या फंक्शनला ग्नूसाठी 'टॅब, कोलन, कम्प्लीट' अशी ओळ द्यायची, लिबएडिटसाठी 'बाइंड, कॅरेट आय, आरएल अंडरस्कोर कम्प्लीट'. ही दुसरी ओळ चुकून ग्नूला दिली तर ती बाइंडमधल्या पहिल्या बी अक्षरालाच कळ समजते, आणि मग शेलमध्ये बी टाइपच होत नाही! कीबोर्ड बिघडला असे वाटून घेण्याआधी स्टार्टअप फाइल उघडून बघा.

त्या फाइलकडेच वळू. शेल सुरू होताना पायथन ती आपोआप चालवतो. तिचा पत्ता पायथनस्टार्टअप या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो, सगळी अक्षरे कॅपिटल आणि जोडून. बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलींमध्ये हा पत्ता अवतरण चिन्हांत टिल्डेने लिहू नका. अवतरणातला टिल्डे टर्मिनलचा शेल (बॅश किंवा झेडएसएच) उलगडत नाही, आणि फाइल उघडता आली नाही अशी तक्रार पायथन दर वेळी करतो. डॉलर होम लिहा. फाइल पायथनच्या शेलच्या मुख्य नेमस्पेसमध्येच (नावांच्या साठ्यात) चालते, म्हणून तिच्यात इम्पोर्ट केलेली नावे पुढे टॅबच्या यादीत डोकावतात. नको असतील तर शेवटी डेल करा.

खरा गुंता क्रमाचा आहे. पायथन आधी स्टार्टअप फाइल वाचतो आणि त्यानंतर सिस मॉड्यूलमधला इंटरॲक्टिव्हहुक, म्हणजे शेल सुरू होताना आपोआप बोलावले जाणारे फंक्शन, चालवतो. हाच हुक टॅबची कळ बांधतो, नावे सुचवणारे आरएलकम्प्लीटर हे मॉड्यूल इम्पोर्ट करतो आणि इनपुटआरसी ही रीडलाइनची सेटिंग फाइल वाचतो. परिणामी फाइलमध्ये टॅबला दुसरे काही काम लावले तरी हुक ते पुसून टाकतो. स्वतःचा कम्प्लीटर (पर्याय सुचवणारे फंक्शन) बसवायचा असेल तर फाइलमध्ये आधी आरएलकम्प्लीटर इम्पोर्ट करा आणि मगच सेट-कम्प्लीटर बोलवा. कारण ते मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट होताना आपला कम्प्लीटर बसवते. ते काम तुम्ही आधीच उरकले असेल, तर हुकचा इम्पोर्ट दुसरा ठरतो आणि तुमच्या कम्प्लीटरला धक्का लागत नाही. उलट क्रमाने लिहिले तर चूक दाखवणारी एरर येत नाही, फक्त तुमचे काम गायब होते. हुक मुळीच नको असेल तर याच फाइलमध्ये तो काढून टाकता येतो.

३.१३ च्या नव्या शेलमध्ये पार्स-अँड-बाइंड या आज्ञेला काहीच अर्थ नाही, ती निमूट दुर्लक्षिली जाते. जुन्या सवयीची सेटिंग्ज चालवायचीच असतील तर पायथन-बेसिक-आरईपीएल हे व्हेरिएबल, मध्ये अंडरस्कोर घालून, १ करा. पण त्याआधी नवा शेल आठवडाभर वापरून पाहावा हे बरे. ३.१४ मध्ये तर इम्पोर्ट लिहून मॉड्यूलच्या नावाची पहिली अक्षरे दिली की टॅब नाव सुचवतो, जे जुना आरएलकम्प्लीटर करत नव्हता.

ग्नू रीडलाइन असेल तर होम फोल्डरमधल्या इनपुटआरसीत शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन करा, म्हणजे पर्यायांची यादी पहिल्याच टॅबला दिसते, दोनदा दाबावे लागत नाही. शंभर पर्यायांपुढे 'सगळे दाखवू का' असा प्रश्न येतो, ती मर्यादा कम्प्लीशन-क्वेरी-आयटम्सने वाढते. ही फाइल बॅशही वाचतो. बदल पायथनपुरताच हवा असेल तर ओळी डॉलर-इफ पायथन आणि डॉलर-एंडइफ यांच्यामध्ये ठेवा. कम्प्लीशन-इग्नोर-केस मात्र इथे कामाचे नाही: नावे जुळवण्याचे काम आरएलकम्प्लीटर स्वतः करतो आणि लहान-मोठे अक्षर तो वेगळेच धरतो.

आता चाचणी, आणि ती करताना अपेक्षा नेमक्या ठेवा. आरएलकम्प्लीटरला फक्त नावे आणि मधले डॉट कळतात. चौकोनी कंसाने काढलेला घटक, फंक्शनच्या कॉलचे उत्तर, अवतरणातली स्ट्रिंग यांच्यापुढे डॉट देऊन टॅब दाबला तर काही येणार नाही. ती वस्तू आधी एखाद्या नावात ठेवा, मग विचारा. अंडरस्कोरने सुरू होणारी नावे एक अंडरस्कोर लिहिल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दोनवाली दुसरा लिहिल्याशिवाय. रिकाम्या ओळीवर टॅब दाबला तर जुन्या शेलमध्ये खरे टॅब अक्षर पडते. त्याच ब्लॉकमध्ये पुढची ओळ स्पेसने आत घेतली की इंडेंटेशनची एरर ठरलेली. आणखी एक, थोडे धोक्याचे: सुचवण्यासाठी शेल वस्तूला तिचे गुणधर्म खरोखर विचारतो. एखाद्या क्लासच्या गेटॲट्रमध्ये (गुणधर्म सापडला नाही की चालणारी मेथड) डेटाबेसची किंवा नेटवर्कची फेरी दडली असेल, तर नुसत्या टॅबने ती घडते आणि प्रॉम्प्ट लटकतो. मध्ये आलेली एक्सेप्शन गिळली जाते, त्यामुळे कारणही कळत नाही.

प्रोग्रामच्या मध्ये कोड मॉड्यूलच्या इंटरॅक्ट फंक्शनने (कोड डॉट इंटरॅक्ट) शेल उघडत असाल तर तिथे टॅब वेगळा बसवावा लागतो. साधा आरएलकम्प्लीटर मुख्य मॉड्यूलमधली नावे बघतो, फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल त्याला दिसत नाही. ग्लोबल्स आणि लोकल्स एकत्र करून एक डिक्शनरी बनवा, ती आरएलकम्प्लीटरच्या कम्प्लीटर क्लासला द्या आणि त्याची कम्प्लीट मेथड सेट-कम्प्लीटरला. टॅबची कळही इथे स्वतःच बांधायची, कारण स्क्रिप्ट चालवताना हुक चाललेला नसतो. हीच डिक्शनरी इंटरॅक्टलाही लोकल म्हणून द्या.

इतके करूनही टॅब गप्प असेल तर पायथन कोणत्या पर्यायांनी सुरू होतो आहे ते बघा. कॅपिटल एस किंवा कॅपिटल आय लावला असेल तर हुक बसतच नाही. कॅपिटल ई असेल तर स्टार्टअप फाइलचा पत्ताच वाचला जात नाही. सर्व्हरवरच्या तयार स्क्रिप्टांमध्ये हे पर्याय कुणीतरी विचार करून घातलेले असतात, ते न विचारता काढू नयेत. आणि डिक्शनरीच्या किल्ल्याही टॅबने हव्या असतील तर स्वतःचा कम्प्लीटर लिहीत बसू नका, आयपायथन हा वेगळा शेल घ्या, त्यात ती सोय आहे.