धोकादायक इमारतीच्या नोटिशीला उत्तर देताना या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महापालिका दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि त्याच सुमारास अनेक जुन्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या दारावर कलम ३५४ ची नोटीस चिकटवली जाते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील या कलमामुळे मोडकळीस आलेली इमारत दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा आदेश पालिकेला देता येतो. पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ हेच काम करते. नोटीस आली की रहिवाशांच्या मनात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. इमारत दुरुस्तीने वाचू शकते का, हा पहिला, आणि बाहेर पडलो तर घर परत मिळेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अभियंता देतो, दुसऱ्याचे कायदा देतो. या दोन प्रश्नांची गल्लत होते, तिथूनच बहुतेक चुका सुरू होतात. घर जाण्याच्या भीतीने लोक इमारत मजबूत असल्याचे सांगू लागतात, आणि ते सांगणे टिकले नाही की हक्काची बाजूही लंगडी पडते.

नोटीस न स्वीकारणे, किंवा स्वीकारून न वाचणे

नोटीस घेतली नाही तर ती लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे. इमारतीवर चिकटवलेली नोटीसही बजावलेलीच धरली जाते. तिच्यात सर्वांत आधी इमारतीची श्रेणी शोधावी. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्त करता येण्याजोगी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-२बी च्या नोटिशीला ‘आम्ही घर सोडणार नाही’ असे उत्तर देणारे अर्ज लिहिले जातात, तेव्हा मुळात कोणी घर सोडायला सांगितलेलेच नसते. दुसरीकडे सी-१ च्या नोटिशीला ‘दुरुस्ती करून घेऊ’ एवढेच मोघम उत्तर दिले जाते आणि त्याने काहीही साध्य होत नाही. दक्षिण मुंबईतील इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे साधारणपणे १९६९ च्या सप्टेंबरअखेरपूर्वी बांधलेली आणि दुरुस्ती उपकर भरणारी असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो. म्हणून अर्ज कोणाकडे करायचा हे आधी नक्की करावे. प्रत्येक अर्जाची आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवावी.

हवी ती श्रेणी लिहून देणारा संरचनात्मक तपासणीचा अहवाल मिळवणे

ही सर्वांत घातक चूक आहे. कुर्ल्याच्या नाईक नगरमधील इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली आणि १९ जणांचा जीव गेला. महापालिकेने तेव्हा दिलेल्या माहितीनुसार ती इमारत २०१६ मध्ये सी-१ ठरली होती. पुढे दुसऱ्या संरचनात्मक तपासणीच्या, म्हणजे ऑडिटच्या आधारे तिची श्रेणी दुरुस्तीयोग्य अशी बदलली, पण ती दुरुस्ती झालीच नाही. श्रेणी बदलल्याने काँक्रीट सुधारत नाही. रहिवाशांना स्वतःचा अहवाल सादर करण्याचा अधिकार आहे आणि तो जरूर वापरावा, कारण इमारत रिकामी व्हावी अशी इच्छा असलेल्या मालकाने आणलेला अहवालही तपासून पाहण्यासारखाच असतो. मात्र आपला अहवाल खऱ्या चाचण्यांवर उभा हवा.

अहवाल हातात आला की कोणत्या चाचण्या, किती ठिकाणी आणि कोणत्या मजल्यावर झाल्या, हे पाहावे. ध्वनिलहरींच्या वेगाच्या चाचणीत सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा अधिक वेग हे चांगल्या काँक्रीटचे लक्षण मानले जाते, तर तीनपेक्षा कमी वेग शंकास्पद ठरतो. सळयांच्या गंजासाठी हाफ सेल चाचणी करतात; तिथे उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. काँक्रीटचा क्षारीय गुण टिकला आहे का, हे फिनॉल्फ्थेलिन लावून कळते. रंग गुलाबी झाला तर सळईभोवतीचे संरक्षण शाबूत आहे, आणि रंगच आला नाही तर ते गेले आहे. काँक्रीटवर ठोका देऊन कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा अंदाज देतो, म्हणून केवळ त्याच्या आकड्यांवर ‘सुस्थितीत’ असा निष्कर्ष काढलेला अहवाल महापालिकेच्या तांत्रिक समितीपुढे टिकत नाही. खांबांतून आणि तुळयांतून भोक पाडून काढलेले काँक्रीटचे कोअर नमुने अधिक बोलके असतात, आणि नमुने केवळ जिन्याजवळच्या चांगल्या खांबांतून घेतले असतील तर ते लगेच लक्षात येते. ओलीच्या बाजूचे, शौचालयांच्या रांगेखालचे आणि गच्चीच्या टाकीखालचे भाग तपासलेच पाहिजेत.

लाकडी वासे आणि विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या चाळींच्या, किंवा पुण्यातील वाड्यांच्या अहवालात काँक्रीटच्या याच चाचण्यांचे तक्ते जोडलेले दिसले, तर तो अहवाल कुठून तरी उतरवलेला समजावा. तिथे वाशांची टोके भिंतीत जिथे बसतात तिथली कूज, वाळवी, भिंतीचा ओळंबा आणि चुन्याच्या सांध्यांची अवस्था, हीच खरी तपासणी आहे.

दोन अहवाल परस्परविरोधी असताना समितीला गृहीत धरणे

मालकाचा अहवाल सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंचा सी-२, अशी स्थिती आली तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये धोकादायक इमारतींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतून ही पद्धत रुळली. अनेकजण समितीसमोर पंधरा पानी निवेदन घेऊन जातात, ज्यात मालकाने कितीदा त्रास दिला याचा इतिहास असतो आणि खांबांविषयी एक ओळही नसते. तो इतिहास खरा असेलही, पण समितीने ठरवायचे असते ते इमारतीच्या बळाविषयी. आपला अभियंता सोबत न्यावा, दोन अहवालांत नेमका कोणत्या आकड्यांवर मतभेद आहे ते एका पानावर मांडावे, आणि समितीने प्रत्यक्ष पाहणी करावी अशी लेखी मागणी करावी. पाहणीच्या दिवशी खोल्या बंद ठेवणे, किंवा गळके छत ताज्या रंगाखाली झाकणे, ही आपलीच बाजू कमकुवत करणारी कृती आहे.

अहवाल न देता थेट न्यायालयात धाव घेणेही असेच अंगाशी येते. न्यायालय तज्ज्ञ समितीचे मत बाजूला सारून स्वतः अभियंत्याची भूमिका सहसा घेत नाही. प्रक्रिया पाळली गेली का, दोन्ही अहवाल विचारात घेतले गेले का, एवढेच ते तपासते. शेवटच्या दिवशी स्थगिती मागायला गेलेल्या रहिवाशांना बहुधा आपल्या जबाबदारीवर राहत असल्याचे हमीपत्र द्यावे लागते, आणि ते हमीपत्र लहान मुलांच्या वतीनेही दिले जात असते, याचा विचार सही करण्याआधी व्हायला हवा.

दुरुस्ती मालकच करील म्हणून वाट पाहणे

इमारत दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ स्पष्ट सांगतो. मालकाने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. पागडीच्या खोलीचे भाडे पाहता ही रक्कम किती तुटपुंजी आहे हे वेगळे सांगायला नको. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४९९ प्रमाणे, मालकाने नोटिशीचे पालन केले नाही तर आयुक्तांच्या मान्यतेने रहिवाशांनी ते काम करण्याची तरतूद आहे. ही मान्यता आधी घ्यावी, काम झाल्यावर नव्हे.

दुरुस्तीच्या निमित्ताने पोटमाळा वाढवणे किंवा दुकान मोठे करण्यासाठी भिंत काढणे, हे मंजूर कामालाही बेकायदा करून टाकते. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, १७ जण गेले, आणि चौकशीचा रोख तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे होता.

मोजमाप न करता घर सोडणे

इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही हक्क सिद्ध करायला कागद लागतो. रिकामे करण्यापूर्वी पालिकेकडून रहिवाशांची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील चटई क्षेत्राची नोंद करून घ्यावी, तिची प्रत मागून घ्यावी, आणि भाडेपावत्या, वीजबिले, खोलीची छायाचित्रे इमारतीबाहेर सुरक्षित ठेवावीत. ही नोंद झालेली असली की भांडण फक्त घर परत मिळण्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उरते, आणि ते सुरक्षित जागी राहून लढता येते.

निकाल येईपर्यंत आत राहणे भाग पडले, तर अभियंत्याने सांगितलेल्या ठिकाणी पोलादी टेकू लावावेत आणि त्यांना कोणीही हलवू नये. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. काच तडकली तर भेग वाढत आहे. कालपर्यंत नीट लागणारे दार अचानक अडू लागले, छतातून बारीक चुरा पडू लागला किंवा खांबाच्या आतून तडतड ऐकू आली, तर समितीची तारीख दोन दिवसांवर असली तरी त्याच क्षणी सर्वांना खाली उतरवावे आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.