‘सुस्थितीत मिळाले’: हॉस्टेलच्या खोलीचा ताबा घेण्याआधी

प्रवेशाचे दिवस आले की गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, विद्यापीठाच्या हॉस्टेलला नंबर लागला, काय काय आणू?" बादली, मग, कुलूप, मच्छरदाणी, एक्स्टेंशन बोर्ड हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते एका कागदाबद्दल. खोली मिळाल्याच्या दिवशी दोन मिनिटांत सही करून आपण विसरतो तो कागद. त्याने माझा एक अख्खा जुलै महिना खाल्ला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. त्यांची चूक किती आणि माझी किती, हा हिशेब माझ्याच मनात अजून पुरता लागलेला नाही.

एम.ए.ला प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. विभागाचा प्रवेश वेगळा, हॉस्टेलचा अर्ज वेगळा, त्याची यादी वेगळी. पहिल्या यादीत मी नव्हतो. दुसरी लागेपर्यंत दीड महिना एका सिनियरच्या खोलीत, दोन पलंगांच्या मधल्या फटीत चटई टाकून झोपलो. पुण्याकडे याला ‘पॅरासाईट’ म्हणतात, आणि ती शिवी नाही, जवळजवळ हुद्दा आहे. "तू कुठल्या खोलीत?" "मी २१४ला पॅरासाईट." रात्री तपासणीचा राउंड आला की बादली घेऊन बाथरूमला जायचं आणि नळ सोडून उभं राहायचं. त्या दीड महिन्यात माझं एकही पुस्तक वाचून झालं नाही. खोलीचे पैसे वाचतात म्हणून मुद्दाम असं राहणारे आहेत, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: राहू नका. पकडले गेलात तर दंड तुम्हाला आणि खोली जाते मित्राची.

तर अशा दीड महिन्यानंतर दुसऱ्या यादीत नाव आलं. चार मजले, तीन विंग, खाली मेस, बाजूला अभ्यासिका, मागे कपडे धुवायचा लांबच लांब कट्टा. मला तो राजवाडा वाटला. ऑफिसात पावती दाखवली, क्लार्कने चावी टेबलावर ठेवली आणि एक छापील कागद सरकवला. पलंग २, गाद्या २, टेबल २, खुर्च्या २, कपाटं २ (लॉकर व चावीसह), पंखा १ (रेग्युलेटरसह), ट्यूब २, खिडकीच्या काचा ८. प्रत्येक ओळीपुढे आधीच छापलेला एकच शब्द: ‘सुस्थितीत’. खाली, ‘वरील सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या.’ मागे रांग होती. मी सही केली. खोली अजून पाहिलीही नव्हती.

वर गेलो. आठपैकी पाच काचा. तीन ठिकाणी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा खोचलेला. रेग्युलेटरच्या जागी भिंतीत भोक, पंखा थेट तारेवर, एकाच वेगाने फिरणारा. एका लॉकरची जीभ तुटलेली. खाली येऊन सिनियरला सांगितलं तर तो हसला. "अरे सगळ्यांच्याच खोल्या अशा आहेत. कोण बघतंय?"

सिनियर या जमातीबद्दल माझं एक मत आहे. फॉर्म कुठे मिळतो, चहा कुठे चांगला, कुठल्या सरांसमोर काय बोलू नये, एवढं त्यांना विचारावं. कागदाच्या बाबतीत त्यांचं ऐकू नये. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याचा स्वतःचा हॉस्टेल सोडायचा दिवस अजून आलेला नसतो.

आता हे नेमकं कसं फसवतं ते नीट समजून घ्या. थोडं लांबेल.

हॉस्टेलच्या प्रत्येक वस्तूची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत असते. क्लार्कच्या लेखी तुमच्या खोलीत काय आहे याचा पुरावा म्हणजे ती खोली नाही, तुमची सही आहे. तुम्ही सोडून जाताना शिपाईमामा कागद घेऊन वर येतात आणि कागदाप्रमाणे मोजतात. कागदावर आठ काचा, खिडकीत पाच, म्हणजे तीन तुम्ही फोडल्या. त्या कधी फुटल्या हे कागदाला माहीत नाही. आदल्या पोराच्या वेळी कुणी वर चढून मोजलं नसेल, तो सुटला. त्याच्या आदलाही तसाच सुटला असेल. फुटकी काच एका सहीवरून दुसऱ्या सहीवर सरकत राहते आणि ज्या वर्षी कुणीतरी खरोखर मोजायला येतं, त्या वर्षीचा पोरगा भरतो. त्या वर्षी मी होतो.

बरं, क्लार्कला खलनायक करू नका. ऑडिटला रजिस्टर जुळलं नाही तर उत्तर त्याला द्यावं लागतं. तो तुमच्या वाईटावर नसतो, स्वतःच्या रजिस्टरकडे बघत असतो.

माझ्या बाबतीत आणखी एक सही झाली. माझा पार्टनर दिवाळीनंतर नोकरी लागून गेला. जाताना त्याने अर्ज दिला, ‘खोलीतील सर्व साहित्य सहनिवाशाच्या ताब्यात दिले आहे.’ त्याखाली सहनिवासी म्हणून मी. आनंदात होतो, आता एकट्याला खोली! म्हणजे दोघांची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर मी स्वतःच्या हाताने घेतली, वर त्याला पेढे मागितले.

आणि आता जे सांगतोय ते सांगायला मला लाज वाटते. रिकाम्या पलंगावर मी गावचा एक दोस्त आणून ठेवला. तलाठी भरतीची तयारी करत होता. बाथरूममध्ये नळ सोडून उभं राहण्याचे दिवस मी विसरलो नव्हतो, म्हणून नाही म्हणवलं नाही. जानेवारीतल्या एका पहाटे त्याने बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला. फोन वाजला. याने रॉड बादलीतून काढला, पलंगावर ठेवला, बटण चालूच, आणि बोलत बोलत गॅलरीत गेला. १,५०० वॅटचा रॉड पाण्याबाहेर किती वेळात लालबुंद होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. काथ्याची गादी, जाळ नाही, नुसता धूर. तीच बादली गादीवर ओतली. गादीला जेवणाच्या ताटाएवढं भोक पडलं. आम्ही काय केलं? गादी उलटी केली आणि वर चादर घातली.

(रॉडबद्दल एवढंच सांगतो. असा रॉड चाळीस मिनिटं चालला की एक युनिट जळतं, त्यामुळे ‘एवढ्याशा विजेने काय होतंय’ हे मनातून काढा. एका मजल्यावर पहाटे दहा रॉड लागले की जुन्या वायरिंगचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. हॉस्टेलात रॉड आणि शेगडीला बंदी असते ती उगाच नाही.)

मे महिन्यात परीक्षा संपली, सामान बांधलं, चावी दिली आणि ‘नो ड्यूजचं नंतर बघू’ म्हणत गावाला गेलो (नो ड्यूज म्हणजे कुणाचं काही देणं बाकी नाही असा दाखला). हीसुद्धा चूकच. जुलैत बी.एड.च्या यादीत नाव आलं. प्रवेश पक्का करायला तीन दिवस, त्यात टीसी, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, हवा. टीसीसाठी नो ड्यूज हवं आणि नो ड्यूजच्या कागदावर ग्रंथालय, विभाग, जिमखाना यांचे शिक्के मिळाले, हॉस्टेलचा मिळेना. बिल निघालं होतं. तीन काचा ७५०, रेग्युलेटर ३५०, लॉकर ६००, गादी २,२००. एकूण ३,९०० रुपये. डिपॉझिट २,००० वजा जाऊन १,९०० भरा.

हिशेब बघा. गादी माझ्या खात्यावर, ते मला मान्य होतं. बाकीचे १,७०० माझे नव्हते. डिपॉझिट धरलं तर माझं खरं देणं होतं २०० रुपये. पण हे सिद्ध कशावर करणार? ‘सुस्थितीत’खाली माझीच सही. रेक्टर सर, म्हणजे हॉस्टेलचे प्रमुख, चांगले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "त्या वेळी लिहून का दिलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आणि काचांबद्दल खरं बोलत असताना गादीबद्दल मी काय केलं होतं हे आठवून आवाजही चढवता येत नव्हता.

कुणीतरी म्हणेल, २०१८ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सांगितलंय की मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नका. बरोबर आहे. ते तुम्ही प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कागदांबद्दल. टीसी हा मुळातच नंतर काढायचा कागद, तो नो ड्यूजच्या पोटातून बाहेर येतो. भांडत बसलो असतो तर भांडण जिंकलो असतो कदाचित, बी.एड. गेलं असतं. पैसे मेसच्या मामांनी उसने दिले. नाव सांगायला लावू नका, ते रागावतील.

म्हणून आता करायचं काय? सहीआधी खोली बघू द्या म्हणायचं. रांग असली तरी म्हणायचं. नाहीच बघू दिली तर सहीखाली पेनाने ‘खोली न पाहता सही’ असं लिहा आणि त्याच दिवशी रेक्टरांच्या नावे अर्ज द्या: अमुक काचा नाहीत, रेग्युलेटर नाही, लॉकर तुटका. दोन प्रती. एक त्यांची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. म्हणजे पोच घ्यायची. फोटो काढा, जरूर काढा, पण फोटो म्हणजे पोच नव्हे. फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहतो, पोच त्यांच्या आवक रजिस्टरमध्ये राहते. क्लार्क म्हणेल, "एवढं कशाला, आम्ही बघून घेऊ." हसून ‘हो सर’ म्हणा आणि शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि गादी उलटून बघा. आमच्यासारखी पोरं तुमच्याआधी तिथे राहून गेलेली असतात.

एवढं वाचून घाबरू नका. हॉस्टेल ही चांगली गोष्ट आहे. माझी आजी अजून ‘बोर्डिंग’ म्हणते. नंबर लागला कळल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली होती. कोल्हापूरला दसरा चौकात उभं राहिलात तर तिच्या त्या शब्दाचं वजन कळेल. शाहू महाराजांनी १९०१ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. १९०६ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली की बाकीचं तो बघून घेतो, हे त्यांना कळलं होतं. चटईवरच्या दीड महिन्यानंतर मलाही कळलं.

मेसचं थोडक्यात. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम पहिल्याच दिवशी विचारा. आमच्याकडे सलग तीन दिवस असेल तरच खाडा, आणि आदल्या रात्री आठच्या आत वहीत लिहायचा. मी पहिले चार महिने शनिवार-रविवार गावाला जायचो, दोन दिवसांचा खाडा धरत नाहीत हे मला बिल बघून कळलं, आणि रविवारची फीस्ट बुडायची ती वेगळीच. मामांशी नीट बोला. मोबाइलवर मार्गदर्शन करणाऱ्या दहा जणांपेक्षा हॉस्टेलात वीस वर्षं काढलेला एक मामा जास्त शहाणा असतो.

अभ्यासिकेत सकाळी सहाला सॅक ठेवून जागा अडवणारे आणि अकराला उगवणारे तुम्हाला भेटतील. त्यांच्यासारखे होऊ नका, एवढंच. मला तिथे झोपच जास्त लागली, मी कट्ट्यावर वाचायचो.

रॅगिंगची भीती असेल तर २००९च्या यूजीसीच्या नियमांनुसार तुम्ही आणि पालकांनी दरवर्षी भरायचं हमीपत्र नुसतं टिक करून सोडू नका, वाचा. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. नंबर पाठ करा, वापरायची वेळ येऊ नये.

आणि यादीत नाव आलंच नाही तर? पॅरासाईट होण्याआधी योजना बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण, राहणं आणि निर्वाह धरून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी रचना आहे. चालू वर्षाचा शासन निर्णय मात्र स्वतः वाचा. आदिवासी मुलांना स्वयंम योजना, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. हजेरीची अट पाळा. आणि हप्ता खात्यावर पडेपर्यंत मेसवाला थांबत नाही, दोन महिन्यांची सोय आधी करून ठेवा.

माझं बी.एड. झालं. मामांचे १,९०० मी पहिल्या पगारातून दिले, त्यांनी मोजलेही नाहीत. दोस्त दुसऱ्या प्रयत्नात तलाठी झाला, आता लोकांच्या सातबाऱ्यावर सह्या करतो. गादीचे पैसे त्याने मला अजून दिलेले नाहीत.