व्यापाऱ्याची व्हॉट्सॲप चॅट कोर्टात टिकवायची असेल तर

तासगाव-मिरजेकडं द्राक्षाचा सीझन उरकला की कुठं ना कुठं हीच बोंब असतेय, व्यापारी माल भरून गेला, पैसे नाहीत, फोन उचलत नाही. सौदा सगळा तोंडी, जे काय आहे ते व्हॉट्सॲपवर, रेट, पेट्या आणि "उद्या टाकतो दादा". ती चॅट पुरावा होते, पण स्क्रीनशॉटची झेरॉक्स वकिलाला दिली म्हणजे झालं असं नाही.

आधी काही डिलीट करू नका. डिसअपियरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा, आणि आधीचे मेसेज तरीही उडणारच, म्हणून त्यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या. फोन विकू नका, एक्सचेंज ऑफर गेली खड्ड्यात.

मग चॅट उघडून वरच्या तीन टिंबांतून एक्सपोर्ट चॅट, मीडियासकट. इथं एक गोची आहे, नंबर "पिंट्या दलाल" म्हणून सेव्ह असेल तर फाईलमध्ये पिंट्या दलालच येतंय, नंबर येत नाही, आणि कोर्टात तो म्हणणार हा पिंट्या कोण मला काय माहीत. तेव्हा नंबर दिसणारा कॉन्टॅक्ट इन्फोचा स्क्रीनशॉट पण ठेवा. व्हॉइस नोट कापू नका, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करू नका.

आता हॅश, म्हणजे फाईलचा बोटाचा ठसाच समजा. कॉम्प्युटरवर फाईलचा एसएचए-256 नावाचा हॅश काढला की 64 अक्षरांचा आकडा येतोय, फाईलमधला एक स्वल्पविराम हलवला तरी तो अख्खा बदलतोय. मागनं काय घुसडलं नाही हे दाखवायला यापेक्षा भारी काही नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातलं 65 ब, मोबाईलमधल्या पुराव्याची कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतंय. सर्टिफिकेटचे दोन भाग, अ तुम्ही भरायचा, ब एक्स्पर्टनं. त्यात फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर, फाईलचा हॅश सगळं लागतंय. आयएमईआय डायलरवर *#06# दाबलं की दिसतोय. एक्स्पर्टची सही कुणाची चालेल ते वकिलालाच विचारा, गल्लीतल्या मोबाईलवाल्याची नको. सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागदी घोडा वाटेल, पण जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात भांडण निवडणूक ऑफिसातल्या व्हिडिओवरच आलेलं, आणि सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये मूळ यंत्राऐवजी कॉपी द्यायची तर सर्टिफिकेट सक्तीचंच असं सांगितलं.

आणि व्यापाऱ्यानं चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला असेल तर चॅटचं नंतर बघू, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासनं 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे.